आजीच्या वळणावरचा हॉर्न

प्रिय सिंगखाम,

अंगावर चीवर असलेल्या माणसाला अरे-तुरे करून लिहू नये, हे मला कळतं. 'पूज्य' म्हणून, हात जोडून सुरुवात करायला हवी होती. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, आणि डोकं भादरून घेतलंस म्हणून तू काही माझा धाकटा भाऊ राहिला नाहीस असं नाही. तेव्हा चिडलेली ताई लिहिते आहे असं समज आणि निमूट वाच.

तुझी पिकअप सहा आठवडे माझ्या गॅरेजात होती. परवा तयार झाली. अरे, काय हाल केले होतेस तिचे! पुढचं चाक जॅकवर उचलून हलवलं, तर म्हाताऱ्याच्या दातासारखं हलायला लागलं. बॉल जॉइंटांची रबरं फाटलेली, आत ग्रीसच्या जागी चिखल. बुशांचा भुगा झालेला, शॉकअप नुसते नावाला. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकाला त्याचा पत्ता नाही! आणि यावर तू इलाज काय केलास? भन्तेंकडून छतावर आशीर्वादाचे पांढरे ठिपके काढून आणलेस आणि आरशाला आणखी एक फुलांची माळ अडकवलीस. माळेनं बुश बसतात का रे? माझं गॅरेज काय आठशे मैलांवर होतं? एकदा येऊन "ताई, गाडी डावीकडे ओढते," म्हणाला असतास तर तुझी जीभ झडली असती का?

गावाचं तर विचारूच नकोस. त्या दिवशी वळणावर गाडी भाताच्या खाचरात उतरली. मागे शाळेची अकरा पोरं, पुढे तुझ्याशेजारी झोपलेली छोटी प्लायफा. बाकीच्यांना खरचटलं, तिचा हात मोडला. पण चाकाखाली वाकून कुणी पाहिलं? एकानंही नाही! सगळ्यांच्या माना वळल्या त्या वळणाची राखण करणाऱ्या आजीच्या घुमटीकडे; तिला हॉर्नचा नमस्कार केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही ना! "यानं हॉर्न दिला नाही, म्हणून आजीनं स्टिअरिंग ओढलं." झालं, निकाल लागला. गावप्रमुख थवीन तर छाती पुढे काढून म्हणाले, "आजीचा अपमान करणाऱ्याच्या हाती आमची पोरं द्यायची नाहीत." आणि दुसऱ्याच दिवशी शाळेची फेरी त्यांच्या भाच्याच्या व्हॅनला! वा रे वा. आजीला राग येतो तोही अगदी यांच्या सोयीनं.

आणि तू? एकोणीस वर्षं त्या रस्त्यावर पोरं ने-आण केलीस, एकाला कधी ओरखडा आला नाही. ते बोलायचं सोडून "हो, मी हॉर्न दिला नाही," एवढंच म्हणालास. का दिला नाहीस तेही सांगितलं नाहीस. ते मला प्लायफानंच सांगितलं. तिला रात्रभर खोकला होता, नुकता डोळा लागत होता, म्हणून तू हॉर्नवरचा हात मागे घेतलास, हे तिनं अर्धवट झोपेत पाहिलं. असल्या कारणासाठी कुठली आजी रागावते रे? तरी तू तिच्यापुढे डुकराचं मुंडकं ठेवलंस, लाल सरबताच्या बाटल्या मांडल्यास, आणि तरी मन भरलं नाही म्हणून विहारात जाऊन दीक्षा घेतलीस. मंडपात तुझे केस कापत होते तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. तू माझ्याकडे बघून हसलास. तेव्हाच मी उठायला हवं होतं.

कारण मला माहीत होतं, सिंगखाम. गाडी ओढून आणली त्याच संध्याकाळी मी खाली सरपटले होते. गाडी झिजली होती, पण झिजेनं ती खाचरात गेली नाही. डावं चाक वळवणारा दांडा, टाय रॉड, नट सुटून निसटला होता. तो नट सुटू नये म्हणून त्याला स्प्लिट पिन लागते. तिथे पिन नव्हतीच. गंजून तुटलेला तारेचा तुकडा होता, आणि त्याला घातलेला पीळ माझ्या हातचा होता.

सोंगक्रानच्या, आपल्या नववर्षाच्या पाणी उडवायच्या सणाच्या, आदल्या दिवशी आला होतास, आठवतं? मागे पाण्याचं पिंप, त्यात बसलेली पोरं, भिजलेला तू, "ताई, लवकर, मिरवणूक निघाली!" टाय रॉडचं टोक नवीन बसवलं आणि पिन माझ्या हातात तुटली. दुकानं पाच दिवस बंद. मी तार पिळली, म्हटलं सणानंतर बोलावून बदलू. तुला सांगितलंही नाही, आणि मग विसरले. बाबांनी जन्मभर एकच शिकवलं होतं, तार कुंपणाला लावायची, स्टिअरिंगला नाही.

सहा आठवडे मी मूग गिळून बसले. दुसऱ्यांच्या गाड्यांवर ओरडत बसले. काल विहाराच्या मंडपात थवीननी फेरी कायमची भाच्याला द्यायला सभा घेतली, तेव्हा मात्र राहवलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर संन्यासी माझाच भाऊ! मी उठले, तार सगळ्यांसमोर धरली आणि ती मीच लावून विसरले हे सांगितलं. थवीन म्हणाले, "मग आजीनंच तुला विसर पाडला असेल." मी म्हटलं, "आजीला दुसरे उद्योग नाहीत का हो?" कुणी हसलं नाही. मग प्लायफाची आई उठली. म्हणाली, "सिंगखामच गाडी चालवेल. पण दर महिन्याला गाडी आमच्यासमोर उचलायची, आणि चाक मी स्वतः हलवून बघणार." माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. तिचं बरोबरच आहे.

आज सकाळी गाडी त्या रस्त्यावर नेऊन पाहिली. एका बोटावर वळते. वळणावर थांबून मी तीनदा हॉर्न दिला, भीतीनं नाही. बिचारीवर सहा आठवडे माझ्या चुकीचा आळ होता, तिची माफी मागायला नको? तुझी मागायला हे पत्र. तू माझ्या चुकीचं प्रायश्चित्त करतो आहेस. भन्तेंना विचार आणि चीवर उतरवून घरी ये. पाकिटात तारेचा तो तुकडा ठेवला आहे. आरशाला माळेशेजारी बांध. पुन्हा कधी मी कुणावर आवाज चढवला, की काही बोलू नकोस, नुसतं तिकडे बोट दाखव.

तुझीच अपराधी ताई,
बुआपान