पुट ऑन, टेक ऑफ

चेन्नई,
रविवार, २ डिसेंबर २००७

तीर्थस्वरूप थोरल्या वन्संना द्वारकेचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतोय? निरगुडीचा पाला बांधत जा, आळस करू नका. तिकडे इस्लामपुरात थंडी पडली असेल. इथलं सगळं उलटं, दिवाळी झाली की पाऊस. घरभर दोऱ्या बांधल्यात, न्हाणीघरात जायचं तर लेंग्यांखालून वाकून जावं लागतं. शरद ओल्याच पँटवर इस्त्री फिरवून कारखान्याला जातो. ऊर्मी बँकेत. ऋचा दुसरीत गेली, मराठी बोलते पण ळ म्हणताना चेहरा वाकडा करते.

भाऊजींचा मधू गुरुवारी सुखरूप पोचला. त्यांनी त्याच्या हाती माझं नऊ तारखेचं मिरजेचं तिकीट पाठवलंय, ते मिळालं. त्याचं मागाहून लिहिते. आधी एक गंमत सांगते.

वन्सं, मला इंग्रजी येतं! हसू नका. चौथीत शाळा सुटलेली मी, पण येतं. सगळं नाही, फक्त कपड्यांचं. बूट घाल म्हणजे पुट ऑन युवर शूज. रेनकोट काढ म्हणजे टेक ऑफ युवर रेनकोट. मोजे वर ओढ, पुल अप युवर सॉक्स. शर्ट खोच, टक इन युवर शर्ट. आपल्याकडे साडी नेसायची, फेटा बांधायचा, बांगड्या भरायच्या, किती ते शब्द! त्यांचं आपलं टोपी पुट ऑन, बूट पुट ऑन, चष्मासुद्धा पुट ऑन. गोऱ्या बायकांचं डोकं किती मोकळं राहत असेल!

शिकवलं कुणी म्हणाल तर ऋचाने. रोज संध्याकाळी ती बाहुली घेऊन बसायची आणि मी चुकले की कपाळावर हात मारायची. "आजी, बाहुलीला टक इन नाही, तिला फ्रॉक आहे!"

आता हे सगळं शिकायची गरज काय पडली ते मधूने फोनवर सांगितलंच असेल, त्याशिवाय भाऊजींचा तसा निरोप आला नसता. तरी माझ्या तोंडून ऐका. अड्यारला आमच्या गल्लीच्या टोकाला लहान मुलांची शाळा आहे. जूनपासून मी तिथं आया आहे. शरदने पाठवलं नाही, सुनेने तर चार दिवस अबोला धरला होता. मीच गेले विचारायला. घरात दुपारी भिंतींशी तरी किती बोलायचं?

तिथल्या बाई, वसंता मिस, म्हणाल्या, तमिळ येत नाही तर मुलांशी बोलणार कसं? मी म्हटलं, पुट ऑन युवर शूज. तेवढंच येत होतं तेव्हा. त्या हसल्या आणि ठेवून घेतलं. खरं सांगू, मुलांनाही इंग्रजी माझ्याएवढंच येतं. मी म्हणते, ती करतात. करत नाहीत तेव्हा मी मराठीत ओरडते, ते बरोबर कळतं.

चुका पण झाल्या. शाळेचे हिशेब बघायला गुरुमूर्ती म्हणून म्हातारे गृहस्थ येतात, रेल्वेतून रिटायर झालेले. इथले पुरुष लुंगीसारखं पांढरं वेष्टी नेसतात आणि चालताना ते गुडघ्यापर्यंत दुमडून घेतात. वडीलधारं कुणी समोर आलं की खाली सोडतात, तीच इथली अदब. गुरुमूर्ती एक दिवस तसेच दुमडून मुलांच्या रांगेत उभे. माझ्या तोंडून निघून गेलं, "पुल डाउन युवर वेष्टी!" अहो, दुसरी आया अलमेलू तोंडात पदर कोंबून खाली बसली. वसंता मिसनी मला बाजूला घेऊन समजावलं, "आजी, असं लहान मुलांना म्हणायचं. मोठ्या पुरुषांना काहीच म्हणायचं नाही." म्हटलं, तेच तर साठ वर्षं करत आले. पण गुरुमूर्ती भला माणूस. आता फाटकात मी दिसले की लांबूनच वेष्टी खाली सोडतात आणि "ओके, मॅडम?" विचारतात. मॅडम!

आता निरोपाचं. मधूने मान खाली घालून भाऊजींचे फोनवरचे शब्द सांगितले: "आपल्या घरची बाई लोकांच्या पोरांचे बूट पुसते, वर पिवळी साडी नेसते. शोभत नाही. ती साडी तिथंच टाकून ये." होय, पिवळी आहे. आयांचा तो गणवेश आहे, शेवंतीसारखा पिवळाधमक, लाल काठाचा. पहिल्या दिवशी अलमेलूने निऱ्या धरल्या. मी आरशात बघितलं, आणि वन्सं, खोटं कशाला लिहू, मी पुन्हा पुन्हा बघितलं.

तुम्हाला सांगायचं होतं ते हे नाही, मी उगाच वळणं घेतेय. मंगळवारचं सांगायचं होतं. जननी म्हणून चार वर्षांची पोर आहे. धो धो पावसात आली, वर्गात शिरली, पण रेनकोट काढेना. वसंता मिस म्हणाल्या, टेक इट ऑफ. मग मोठ्यांदा म्हणाल्या. मग अलमेलूने हात धरले आणि दुसऱ्या बाई बटणं काढायला लागल्या. पोर किंचाळली. मी मध्ये पडले. अलमेलूचा हात ढकलला आणि म्हटलं, "नो. जननी, कीप इट ऑन." राहू दे अंगावर. हे मला ऋचाने शिकवलेलं नव्हतं, मुलांच्या आई-वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं.

मिस रागावल्या. मी फडकं घेऊन पोरीशेजारी जमिनीवर बसले, तिच्या अंगावरून गळेल ते पाणी पुसत राहिले. बऱ्याच वेळाने तिनेच बटण काढलं आणि मला एकटीला आत दाखवलं. गणवेश वाळला नव्हता, आईने भावाचा जुना बनियन घालून पाठवलं होतं. एवढंच. एवढंच कुणी विचारलं नव्हतं.

वन्सं, हे गेले त्याच्या दहाव्या दिवशी ओसरीवर बायकांची गर्दी होती आणि माझा हात तुम्ही धरला होता. बांगड्या काढ. कुंकू पूस. हिरवं लुगडं ट्रंकेत ठेवू नकोस, देऊन टाक. मी किंचाळले नाही, मी काय चार वर्षांची होते? काढत गेले. मला राग आला होता. आता गेला असं लिहिणार नाही. पण तो धरून बसायला मला वेळ नाही, सकाळी साडेआठला फाटक उघडतं.

आणि हेही मला ठाऊक आहे की तुमचा हात असाच सासूबाईंनी, तुमच्या सख्ख्या आईने, धरला होता, तेव्हा तुम्ही वीस वर्षांच्या होता. तेव्हापासून तुम्ही त्या काताच्या रंगाच्या लुगड्यात आहात. मला हुकूम करून झाल्यावर तुमचा हात मी धरून ठेवला होता. तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं.

तर भाऊजींना सांगा, मी येत नाही. नऊ तारखेला नाही आणि नंतरही नाही. शरदने कालच तिकीट रद्द केलं, मधू एकटा येईल. तो विचारत होता, "काकू, घरी काय सांगू?" म्हटलं, बघितलंस तेच सांग. काल शाळेच्या फाटकाशी उभा होता ना तू? मुलं कशी बिलगली ते सांग. साडीचा रंग विचारला तर तोही सांग, कमी करून सांगू नकोस. माझ्या खोलीचं कुलूप काढा आणि कांदे पसरा, हवेशीर आहे.

मधूच्या पिशवीत तुमच्यासाठी एक पुडकं आहे. भाऊजींसमोर उघडा. माझ्या पगारातली सुती साडी आहे, जांभळी, मोरपंखी काठाची. दुकानदार विचारत होता, कुणासाठी? मी म्हटलं, माझ्या नणंदेसाठी, गोरी आहे, खुलेल. पासष्टी उलटली हे त्याला सांगितलं नाही. सासूबाई गेल्या, भाऊजी म्हणणार नाहीत, आणि दुसरं कोण आहे तिथं तुम्हाला सांगणारं? म्हणून मी सांगते.

वन्सं, नेसा.

वयाने आणि मानाने तुमच्याहून धाकटी, तरीही हे सांगणारी,
द्वारका