टाकीतली सवत

७ जानेवारी २००२, सोमवार

आली एकदाची. कोरपन्याहून तीन गाड्या बदलल्या, कंबरेचा खुळखुळा झाला, पण जागा झकास आहे. अहेरीच्या अलीकडं, सागाच्या जंगलाले लागून हे दुधाचं केंद्र. गावोगावचं दूध कॅनीनं येते, मोठ्या पोलादी टाकीत थंड होते, अन् नळीतून पुढच्या गाडीत जाते. टाकी, नळ्या अन् कॅनी धुवाचं काम माझं. राहाले खोली, खोलीले खिडकी, खिडकीतून आश्रमशाळा दिसते. नात आचल तिथी पाचवीत आहे. तिची माय दुसरं घर करून गेली. बाप माझाच पोरगा, पण कामाचा नाई. म्हणून चौसष्टाव्या वर्षी मी इथी.

ही वही आचलचीच. मी दोन बुकं शिकली, चुका काढू नको म्हटलं. ते म्हणे, आजी, बोलते तशीच लिही, फक्त शिव्या कमी.

९ जानेवारी, बुधवार

साहेबाचं नाव सुरेंद्र. कालचं पोरगं, पँटीले इस्त्री. त्यानं काम शिकवलं: आधी साधं पाणी, मग ब्लीचिंगचं पाणी, झालं. मी म्हटलं, अन् घासाचं कधी? तो म्हणे, गोकुळाबाई, पावडरनं सारे जंतू मरतात. मी म्हटलं, तुझ्या मायनं तुले न घासता आंघोळ घातली असन तर आजवर तसाच असशीन. बॉयलरवाला पत्रूभाऊ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता हसला. साहेब नाई हसला.

आम्ही ढिवर. मासळीचं भांडं कसं धुवाचं ते आम्हाले कोणी शिकवावं लागत नाई. चुलीची राख कढत पाण्यात मुरवाची, वरचं नितळ पाणी घ्याचं, वाळल्या दोडक्याच्या जाळीनं घासाचं. मग उलट्या बोटानं तपासाचं. भांडं चिरचिरलं तर साफ, बोट सटकलं तर घाण. डोळ्यावर भरवसा ठेवाचा नाई.

टाकीचं पोट आरशासारखं चमकते. माझं बोट सटकलं.

११ जानेवारी, शुक्रवार

पत्रूभाऊकडून पाना घेऊन नळीचं वाकण खोललं. रबराच्या वायसरमागं काचेसारखा पातळ थर होता. रंग नाई, वास नाई. तलावातल्या दगडावर पाय सटकते ना, तसा. नखानं खरवडला तर सलग पापुद्रा निघाला. म्हणजे इतके दिवस सारं दूध याच्यावरून वाहून राह्यलं होतं.

साहेबाले दाखवला. त्यानं कापसाची काडी घेतली अन् नुकत्याच ब्लीचिंग मारलेल्या टाकीच्या चकचकीत पोटावर फिरवून तपासणीले पाठवली. मोरी कशी आहे ते देव्हारा पाहून सांगणारा माणूस. मी म्हटलं, वायसरमागं फिरव. तो म्हणे, नियमात तसं नाई.

त्या थराचं नाव मी सवत ठेवलं. बिनबोलावता घरात घुसली अन् पसरून बसली. तीन तास घासून मुळासकट काढली.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. आचलले तिळाचा लाडू देला. शाळेत सांगतलं म्हणे, सव्वीस जानेवारीले झेंडा झाल्यावर दोनशे दहा पोराले आपल्याच टाकीतलं बदामाचं दूध. पोरगी आतापासून गिलास घासून राह्यली.

दुपारी वाकण खोललं. सवत परत आली होती. मी नखानं ओढलेल्या रेघा तशाच दिसत होत्या, पण जखम भरून यावी तशा भरलेल्या अन् फुगलेल्या. मी ते सारी काढली होती. मग रेघा कशावर राह्यल्या?

१७ जानेवारी, गुरुवार

आता कॅनीच्या गळ्यात, झाकणाच्या कडेले, टाकीच्या तोंडाशी. जिथी कधी नव्हती तिथी. साहेबाले शिव्या घालत बसली होती अन् मग हातातल्या दोडक्याच्या जाळीकडं नजर गेली. चिरून पाह्यली. एकएक धागा आतून बुळबुळीत. म्हणजे दहा दिवस मीच तिले हातात धरून साऱ्या केंद्रात फिरवली. वरून तोरा माझा, का मले धुणं येते.

जाळी बॉयलरच्या आगीत टाकली. दोडका पटकन जळाले पाहिजे. हे जळता जळेना. चरचरली, आक्रसली, अन् मुठीसारखी मिटली. पत्रूभाऊ या वेळी हसला नाई. उद्यापासून दर खेपेले नवी जाळी, ते बी उकळून.

२० जानेवारी, रविवार

दवाखान्यातल्या रीना सिस्टरकडून फेसाचं औषध आणलं, जखमेवर टाकतात ते. ते म्हणे, जिथी जिवंत घाण असन तिथी फेस येईन. टाकी मी स्वतः घासली, उकळतं पाणी मारलं, मग आत उतरून औषध शिंपडलं.

फेस आला. ठिपके नाई, पट्टे नाई. पंजे. पाच-पाच बोटांचे, तळापासून वरपर्यंत. अंगठ्यावर विळ्याचा आडवा व्रण. तसा व्रण माझ्या डाव्या अंगठ्यावर आहे. पण पंजे टाकीच्या छताले होते. तिथवर माझा हात पोचतच नाई.

बाहेर येऊन चहा प्याली. मग परत आत गेली अन् पंजे पुसले. माझा हात माझ्या परवानगीशिवाय कोणी लावाचा नाई.

२२ जानेवारी, मंगळवार

कास्टिक सोडा टाकून कढत पाणी सोडलं. पाणी यायच्या आधीच ते मागं सरकली. नळीत. पाह्यली मी. पाणी थांबलं तशी परत तोंडाशी.

साहेबाच्या तपासणीचा कागद आला, टाकी शंभर टक्के साफ. मी फेस दाखवते म्हटलं तर तो म्हणे, बाई, डोळे तपासा, सव्वीसनंतर आपण दुसरी बाई पाहू. पाह म्हटलं. सव्वीसपर्यंत मी आहे.

२४ जानेवारी, गुरुवार

चहाचा गिलास हातातून सटकला. दोनदा. मग डावा हात उजेडात धरला. बोटावरच्या रेघा नाई. व्रण बी नाई. गुळगुळीत, लहान पोराच्या गालासारखा.

औषध टाकलं. जखम नाई, खरचटलं नाई —
फेस आला.

आचल पळत आली, गळ्यात पडाले. हात पदरात लपवून मागं सरली, जवळ येऊ नको म्हटलं. रुसून गेली. जाऊ दे. रुसली तर रुसली, जिवंत राहीन.

२५ जानेवारी, शुक्रवार

शाळेच्या हेडमास्तरपाशी गेली. त्यानं साहेबाचा कागद दाखवला. कागद आहे म्हणे. मी म्हटलं, मग पोराले कागद पाजा.

दूध उद्या सकाळी सहाले टाकीत पडते. कुलपाची किल्ली साहेबापाशी, पण टाकीचं झाकण पत्रूभाऊच्या पान्यानं बी खुलते, अन् पाना माझ्यापाशी. राती विचार करत नाई बसणार. केला विचार.

२६ जानेवारी. पहाट

टाकीत उतरली. चपला घालून, वही घेऊन. पत्रूभाऊचा खर्रा मागून खाल्ला अन् चारी बाजूले थुंकली. आता टाका दूध. म्हातारी बसलेल्या टाकीतलं पोराले कोण पाजते पाहू.

साहेब झाकणातून ओरडून राह्यला. नोकरी गेली म्हणे. पोलीस आणतो म्हणे. आण म्हटलं, त्याईले बी आत पाठव, जागा आहे.

कॅनीतलं कॅनीतूनच वाटतो म्हणे. कॅनी मीच धुतल्या, म्हटलं, त्यात बी थुंकली आहे. तोंड पाहाचं होतं त्याचं.

थोडा वेळ झाला

भिंती हलून राह्यल्या. पाणी नाई, दूध नाई, तरी ओल्या. चहूकडून पंजे. माझेच. अंगावर येत नाई, नुसते जवळ — वाट पाहून —

बस म्हटलं, सवते. मी बी बसली आहे.

झेंड्याचं गाणं झालं. पत्रूभाऊ वाकून सांगे, सारं दूध नालीत ओतलं. पोराले बिस्किटाचे पुडे वाटले. आचलनं दोन घेतले.

जिंकली. लिहून ठेवते, मी जिंकली.

आता उठते —

उठवत नाई. पाठ धरली तिनं. गार आहे —

पत्रूभाऊ वरून हात देऊन राह्यला. नको म्हटलं. कोणी हात देऊ नका. आचलले इकडं आणू नका. टाकी जाळा, नळ्या जा —

डावा हात मांडीखाली दाबून बसली. निघाला. परत दाबला. तो वर जाऊन राह्यला, त्याच्या हाताकडं, मी नाई नेत — पत्रूभाऊ, मागं हो, तो हात माझा ना