ओढलेली वायर

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, पण उत्तराला हात वळेना. रागाने माणसाचं अक्षरही बिघडतं, ते तुला दिसतंच आहे. माझ्या क्लासची निम्मी मुलं गेली. कुठे, तर मधाळाकडे! हो, तोच. त्याला मी लहानपणापासून व्हायोलिन शिकवलं, पुढे मदतनीस म्हणून हाताशी धरलं. त्याच्या गोड बोलण्यावरून हे नाव तूच ठेवलंस. त्याने पलीकडच्याच गल्लीत, बेकरीच्या माडीवर, क्लास थाटलाय. बाई वर्षभर नुसत्या तारा घासायला लावतात, माझ्याकडे मूल तीन महिन्यांत स्टेजवर उभं राहतं, असं पालकांना सांगत फिरतो. भिंगरीसुद्धा गेली गं! जागेवर न टिकणाऱ्या त्या पोरीच्या हनुवटीखाली रुमालाच्या घड्या घालून मी व्हायोलिन बसवलं होतं.

काल पाव आणायला गेले, तर वरून वाजवणं ऐकू आलं. छान चाललं होतं, थेट माझ्यासारखं. मग पायच थबकले. ती मीच होते! मुलांना घरी सरावासाठी मी ज्या धुना रेकॉर्ड करून दिल्या होत्या, त्या हा स्पीकरवर मोठ्याने लावतो आणि मुलं त्यावर गज फिरवतात. खाली उभ्या आया कौतुकाने माना डोलवत होत्या.

वीस तारखेला त्याचा कार्यक्रम आहे. मी पडद्यामागे जाणार आणि भर कार्यक्रमात स्पीकरची वायर ओढणार. पडू दे उघडा सगळ्यांसमोर.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया या रागासकट चालू ठेव.

तुझी,
चिमी

११ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दवाखान्यात, दोन दाढांच्या मधल्या वेळात वाचलं. तुझे भावोजी म्हणतात, मधाळाला माझ्या खुर्चीत बसवावं आणि बधिर न करता दाढ उपटावी. मला मनापासून पटलं. पण मोठी आहे म्हणून शहाणपणाचं लिहिते.

माझ्याकडे माणसं कण्हत येतात, ओरडत जातात, तरी पुन्हा येतात. तुझी मुलं का येत नाहीत? पहिल्याच महिन्यात एक छोटीशी का होईना, अख्खी धून मुलाच्या हातात दे. आयांना कधीतरी आत बोलावून बसव. मागच्या आठवड्यापेक्षा पोराचं काय सुधारलं ते त्याच्यादेखत सांग. लबाडी सोडून मधाळाने जे केलं, ते तुलाही करता आलं असतं.

आणि वायर ओढू नकोस. त्याला जाब विचार, पालकांना बोलावून सगळं सांग. स्टेजवर तो नसेल गं, मुलं असतील.

जेवत जा वेळेवर. रागावलीस तरी आमचा विसर पडू देऊ नकोस.

तुझी,
ताई

१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेत मिळालं. दोनदा वाचलं. तरीही ओढली.

मधाळ नव्या कोटात कडेला उभा राहून पालकांकडे बघून हसत होता. मी ओढली, आणि उरली नुसती करकर. कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्याचं तोंड असं उतरलं की मला आतून गार गार वाटलं. अजूनही वाटतं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

बाकीची मुलं थांबली. भिंगरी नाही थांबली. ती गज फिरवत राहिली आणि मध्येच व्हायोलिन कानाशी नेऊन ऐकू लागली. ताई, तिला वाटत होतं की तो आवाज तिचाच आहे! इतके दिवस ती समजत होती, आपल्याला येतं.

दुसऱ्याच दिवशी पालक माझ्या दारात हजर. मधाळाची पाटी उतरली. शिकवण्याबद्दल तू सांगितलेलं सगळं आता करते. खोली भरून गेली आहे. फक्त भिंगरी आली नाही. तिने व्हायोलिन पलंगाखाली सारलंय, असं तिची आई सांगत होती.

मला बोल लाव, पण पत्र लिही.

तुझी,
चिमी

७ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

बोल लावला तर तुला बरं वाटेल, म्हणून लावणार नाही. तिच्या घरी जा. खाऊबिऊ नेऊ नकोस. वायर कुणी ओढली ते तिला स्वतः सांग आणि ती काय म्हणेल ते खाली मान घालून ऐक. मग मला कळव. तोवर माझा लोभ आहे तिथेच आहे, पण जरा गप्प बसलाय.

तुझी,
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेले होते. सांगितलं. भिंगरी हलली नाही, रडली नाही. मग म्हणाली, मी येईन. आई खूश झाली, तर तिला हातानेच थांबवून भिंगरी पुढे म्हणाली, तुमच्याकडून सगळं शिकून घेईन, तुमच्याहून चांगलं वाजवीन, आणि मोठेपणी कुणी विचारलं की कुणाकडे शिकलीस, तर तुमचं नाव कध्धी सांगणार नाही.

मी म्हटलं, चालेल.

रविवारपासून येते आहे. माझ्याशी एक शब्द बोलत नाही. सगळ्यांच्या आधी येते, शेवटी जाते, आणि जागची हलत नाही. इतकी मुलं शिकवली, पण सोडून जाईल अशी भीती जिच्याबद्दल वाटत नाही, अशी ही एकटीच.

तुझा लोभ आता बोलू लागला असेल तर कळव.

तुझी,
चिमी