गंगाकाकी कुणाच्या कार्डात?

क्वात्र बॉर्न,
रविवार, ४ ऑक्टोबर १९६४

तीर्थस्वरूप तुलसीराममामांच्या चरणी गोवर्धनचं डोकं. (प्रत्यक्ष येऊन ठेवलं असतं, पण सुइयाकला बस बदलायची म्हटलं की कामिनीला मळमळतं, आणि तिला सोडून आलो तर परत आल्यावर मला मळमळेल असं ती काही बोलते.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी अजून त्यावर एरंडाची पानं बांधतात का? वांगी यंदा बरी आली असं ऐकलं. आईला माझा नमस्कार सांगा, आणि पत्र तिला वाचून दाखवणार असाल तर आधी एकदा स्वतः पूर्ण वाचा, मगच दाखवा. असं का म्हणतो ते पुढे कळेल.

इतके महिने पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. पण मामा, मी मोठ्या कामात होतो. तुम्हाला ठाऊकच आहे, आम्हा सरकारी नोकरांना एक तपकिरी कार्ड असतं. पगारातून थोडं कापतात आणि त्यावर डॉक्टर, औषध, गरज पडली तर इस्पितळ, सगळं होतं. हे कार्ड आता सगळ्यांनाच द्यावं, म्हणजे उसाच्या मजुराला, कोळ्याला, दुकानदाराला, असा विचार निघाला आणि त्यासाठी एक कमिटी बसली. कमिटी म्हटली की तिला लोकांचं मत लागतं. (मत मिळालं की कमिटी त्याचं काय करते, हे आमच्या ऑफिसात बारा वर्षं काढूनही मला कळलेलं नाही.) इथे माझी प्लेन मान्येन गावची सासुरवाडी नडली. साहेबांनी मला बोलावून अकरा इंग्रजी प्रश्नांचा एक फॉर्म हातात दिला आणि सांगितलं, तुला तिथल्या मराठी लोकांची भाषा येते, रविवारी जा आणि उत्तरं भरून आण.

मी सासऱ्यांना निरोप धाडला, तिथेच चुकलो. हरिप्रसाद सासरे म्हणजे पस्तीस वर्षं उसाच्या मळ्यावर सिरदार, म्हणजे मुकादम, होते, शंभर माणसांना हाका मारायची सवय. त्यांनी निरोप अर्धाच वाचला आणि गावभर सांगितलं की जावई रविवारी डॉक्टरच्या कामासाठी येतोय. मी बैठक्यात, म्हणजे गावच्या संध्याकाळच्या मराठी शाळेत, पोचलो तेव्हा फाटकापासून चिनी दुकानापर्यंत रांग होती. (बैठका नसता तर तुमच्या भाच्याला मराठी अक्षर आलं नसतं, तिथून मी कुणाला अक्षरही न शिकवता परतणार होतो.) वर माझ्या हातात ऑफिसची चामडी बॅग. पहिल्या माणसाने नमस्कार केला, बाकावर बसला आणि जीभ बाहेर काढली.

मी त्याला समजावलं. तो जीभ आत घ्यायला तयार नव्हता. मी डॉक्टर नाही, कारकून आहे, असं म्हटल्यावर मागचा म्हातारा म्हणाला की मोठे डॉक्टर असेच नम्र असतात. दुसऱ्याने पोटाचं सांगितलं, तिसऱ्याने सुनेच्या पोटाचं, चौथ्याने गाईच्या. शेवटी मी कंटाळून लिहायला लागलो. दुपारपर्यंत अकरा प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं आणि दुखण्यांची सात पानं झाली होती. मधूनमधून सासरे उभे राहून योजनेला गावाचा पाठिंबा जाहीर करत होते. स्वतः त्यांनी आयुष्यात आयापानाच्या काढ्यापलीकडे औषध घेतलेलं नाही. त्यांची एवढीच अट होती, की कार्ड द्यावं पण डॉक्टरकडे जायची सक्ती करू नये.

सगळ्यात शेवटी गंगाकाकी आल्या. या सासऱ्यांच्या शेजारी राहतात. नवरा वारला, मूल नाही. त्यांची जाऊ, तीही विधवा, उसाच्या कामावर जाते आणि काकी घर सांभाळतात. दोघी वीस वर्षं एकत्र आहेत. काकींच्या पायाला दोन वर्षांपूर्वी उसाचा खुंट लागला, ती जखम अजून भरलेली नाही. वर हळद आणि फडकं. मी पाहायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतला आणि म्हणाल्या की तू कारकून आहेस हे मला पहिल्यापासून माहीत आहे, मी विचारायला आलेय. कार्डात कोण कोण बसतं? मी फॉर्म वाचून सांगितलं : कामगार, त्याची बायको, सोळा वर्षांखालची मुलं.

"मग मी कुणाच्या कार्डात?" त्यांनी विचारलं.

मामा, मी फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. जावेची जाऊ ही बायको नाही आणि मूलही नाही. मग त्यांनीच पुढचं विचारलं, तुझ्या कार्डात कोण? मी म्हटलं, कामिनी आणि लेक इंद्राणी.

"आणि आई?"

नियमात नाही, म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि पदर सारखा करून शेजारच्या बाकावर बसल्या, जणू माझीच तब्येत बरी नाही आणि मला जरा वेळ द्यायला हवा. बारा वर्षं ते कार्ड माझ्या खिशात आहे. नियम मीच दर वर्षी टाइप करतो. मला एकदाही वाटलं नव्हतं की त्यात माणूस कमी आहे.

मी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं, सगळ्यांना विचारून. घरातलं माणूस कोण यावर एक तास वाद झाला. (एकाने सावकाराचं नाव सुचवलं, कारण तो रोजच घरी येतो.) शेवटी एक वाक्य ठरलं : ज्याच्यासाठी रोज त्या घरच्या भांड्यात तांदूळ पडतो, ते त्या घरचं माणूस. खाली सह्या आणि अंगठे. सासऱ्यांनी सही केली आणि वर अंगठाही दिला, कमी पडायला नको म्हणून.

साहेबांनी तो कागद पाहिला, अकरा कोरे प्रश्न पाहिले, आणि मला इतकंच विचारलं की मला नोकरीचा कंटाळा आला आहे का. पण मुदत संपत आली होती आणि दुसरा कागद नव्हता, म्हणून तोच गेला. जुलैत कमिटीचा निरोप आला : हे वाक्य ज्यांचं आहे त्यांना पोर्ट लुईला घेऊन या.

गंगाकाकी पांढरं लुगडं नेसून, फडकं बदलून आणि पिशवीभर काकड्या घेऊन आल्या. काकड्या कमिटीसाठी होत्या. शिपायाने त्या दाराशी अडवल्या, तेव्हा काकीही दाराशीच थांबल्या. मग पिशवी आत सोडली. लांब टेबल, पाच साहेब, वर पंखा. काकी मराठीत बोलणार, मध्येच इथल्या क्रेओल बोलीत शिरणार, आणि मी इंग्रजी करणार. अध्यक्ष सभ्य होते. त्यांनी विचारलं, की बाई, तुमचं म्हणणं चांगलं आहे, पण भांड्यातला तांदूळ कोण मोजणार? लोक खोटं सांगतील. उद्या सगळं गाव एकाच घरात जेवतं म्हणतील.

काकींनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "साहेब, खोटं बोलून घरात जास्तीची सासू कोण घेईल?"

मी भाषांतर करायच्या आतच टेबलाच्या टोकाचे गृहस्थ हसले. (ते मराठी निघाले. तोवर त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता.) मी इंग्रजी केल्यावर उरलेले चौघे हसले, अध्यक्ष सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत जास्त वेळ. मग त्यांनी पायाला काय झालं म्हणून विचारलं. काकींनी सांगितलं. कुणी हसलं नाही. एकाने लिहून घेतलं.

आता ऐका. सगळ्या बेटाला कार्ड अजून नाही. पण दक्षिणेकडच्या तीन गावांत दोन वर्षं करून बघायचं ठरलं आहे, आणि त्यात प्लेन मान्येन आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो. नियमात आता लिहिलंय : एकाच घरी राहणारी व जेवणारी माणसं. ते वाक्य मीच टाइप केलं, मामा. काकी जावेच्या कार्डावर गेल्या. तिसऱ्या पट्टीनंतर जखम कडेने भरायला लागलीय. डॉक्टरने दोन वर्षं काय करत होतात असं विचारलं, तर त्यांनी सांगितलं की तुमची वाट बघत होते. सासरेही कार्ड घेऊन आले आहेत. अजून डॉक्टरकडे गेलेले नाहीत, पण दवाखान्यासमोरून रोज दोनदा जातात.

तुमच्या गावाचा नंबर पुढच्या यादीत लागेल असा माझा अंदाज आहे. तोवर गुडघ्याला जपा. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
गोवर्धन

ता. क. : नवा नियम आम्हा नोकरांनाही लागू झाला. आईचा डावा डोळा धूसर झालाय हे तुम्ही मागे कळवलं होतं. मोतीबिंदू असेल तर इथे काढता येईल. ती गेल्या वर्षी आठ दिवसांसाठी गणपतीला तुमच्याकडे आली ती तिथेच राहिली. कारण तुम्हाला माहीत आहे (कामिनीने चूल मोडून रॉकेलचा स्टोव्ह आणला). तिला डोळ्याचं सांगू नका, इंद्राणीला आठवण येते असं सांगा, आणि पाठवून द्या.

ता. क. २ : जरा घाई आहे. घरात कोण राहतं ते मोजायला गुरुवारी तपासनीस येतोय, आणि मी फॉर्मवर आईचं नाव आधीच भरलं आहे. ती नाहीच म्हणाली तर त्या एका दिवसापुरतं मामींना पाठवा. वय जुळतं.

ता. क. ३ : मामा, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. मामींना पाठवू नका. बुधवारी सकाळच्या बसने मी स्वतः येते आईंना न्यायला. मळमळलं तर मळमळलं. परसात चूल मांडून ठेवली आहे, मातीची, त्यांना हवी तशी नसेल तर येऊन मोडतील आणि पुन्हा मांडतील. — कामिनी