बुधवारची घंटा

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच मान्य करून घे. मागच्या महिन्यात खाली वाकलो तो भिंत धरूनच उठलो.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की तो कागद कपाटाला चिकटवून नुसता त्याच्याकडे बघतेस? भाऊजींचा खोकला गेला असेल. आमच्याकडे सगळं ठीक. तुझी भावजय नवा चष्मा लावून माझ्यातले जुने दोष नव्याने शोधते आहे.

गेले तीन आठवडे तू फोनवर माझी चौकशी दोन वाक्यांत आटोपतेस आणि मग विचारतेस, "त्या वायरमनचं काय झालं?" मी सांगायला लागलो की नेमकं तुझ्याकडे कुणीतरी येतं. (निदान तू तसं म्हणतेस.) म्हणून हे पत्र. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. तुझ्या त्या परीक्षेचा आणि त्या काविळीचा विषय मी यात काढणार नाही. निर्धास्त वाच.

वायरमन म्हणजे आमच्या प्रौढांच्या वर्गातला विद्यार्थी, वय चव्वेचाळीस. बावीस वर्षं एका कारखान्यात वायरिंग करतो आहे. पण आता नियम आला, की लेखी परीक्षा पास होऊन परवाना मिळवल्याशिवाय पॅनेलला हात लावायचा नाही; नसेल जमत तर गोदामात खोकी उचला. चार वर्षांपूर्वी त्याचा मनाचा आजार बळावला होता. दोन महिने दवाखान्यात काढले, गोळ्या अजून चालू आहेत. कामावर ठणठणीत असतो, पण परीक्षेच्या हॉलमध्ये पाठीमागे पर्यवेक्षकाची पावलं वाजली की त्याची छाती धडधडायला लागते, अक्षरं दिसेनाशी होतात आणि तो उठून जातो. असा दोनदा उठून गेला. संधी तीनच असतात.

आजवर आमच्या केंद्रात अशा माणसाला मदत करायची म्हणजे "घाबरू नका हो!" असं त्याच्या अंगावर ओरडायचं, एवढीच पद्धत होती. यंदा मला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे ताणतणावावर बोलायला आलेल्या बाईंचा प्रोजेक्टर पाऊण तास सुरू होईना, त्यामुळे ताण कसा दिसतो हे आम्हाला समोरच बघायला मिळालं. परत आलो तो अंगात आल्यासारखा. वायरमन दिसला की विचारायचं, कसं वाटतंय? जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, फळा पुसता पुसता. चौथ्या दिवशी तो बिचारा हात जोडून म्हणाला, "सर, तुम्ही विचारेपर्यंत बरं वाटत होतं." मग मला बाईंनी जाता जाता सांगितलेली गोष्ट आठवली, की काय हवं ते त्यालाच विचारा. विचारलं. त्याला हवं होतं ते इतकंच: शांत खोली, थोडा जास्त वेळ, आणि मागे कुणी चालायला नको. डॉक्टरांचं पत्र जोडून अर्ज केला. "उद्या सगळेच मागतील," प्राचार्य म्हणाले. "मग सगळ्यांना देऊ," मी म्हणालो. (हे मी दाराबाहेर आल्यावर म्हणालो. पण म्हणालो.)

शांत खोली म्हणून तळमजल्याच्या टोकाची सामानाची खोली मिळाली. मोडके स्टूल, गुंडाळलेले नकाशे, एका पारड्याचा तराजू. मी स्वतः झाडून काढली. दर रविवारी आम्ही दोघं तिथे परीक्षेची तालीम करायचो. पहिल्या रविवारी तो दहा मिनिटं बसला, मग वीस, मग पाऊण तास. पर्यवेक्षक म्हणून मी समोर बसायचो, हलायचं नाही. माझे बूट कुरकुरतात म्हणून ते काढून ठेवायचो. मोज्याला भोक होतं, पण परीक्षेच्या नियमात मोज्यांबद्दल काही नाही. पाचव्या रविवारी गडी पूर्ण तीन तास बसला आणि माझा जीव भांड्यात पडला. ही खोली इतकी शांत कशी, असा प्रश्न एका तरी रविवारी मला पडायला हवा होता. पडला नाही. परीक्षा होती बुधवारी.

अकराला पेपर सुरू झाला. पठ्ठ्या खाली मान घालून लिहीत होता. अकरा पस्तीसला आमच्या डोक्यावर, दाराच्या वरच्या भिंतीत, साऱ्या इमारतीची एकुलती विजेची घंटा वाजली. रविवारी ती बंद असते. ताई, मी ऐंशी किलोचा माणूस खुर्चीतून उडालो, तर त्याचं काय झालं असेल! तोंड पांढरंफटक, हात थरथरत होते, पेन खाली पडलं, आणि तो दाराकडे बघायला लागला. पर्यवेक्षकाने परीक्षार्थीशी बोलायचं नाही असा छापील नियम आहे. मला तू आठवलीस. तू अशीच अर्ध्या पेपरातून उठून घरी आलीस, पुन्हा अध्यापनाच्या वर्गाला गेली नाहीस, आणि घरच्यांनी ठरवलं की लोकांना कावीळ सांगायची. (विषय काढणार नव्हतो. निघाला.)

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो उठला होता, पण बघत होता घंटेकडे. "पुन्हा कधी वाजते?" मी नियम मोडून सांगितलं, पस्तीस मिनिटांनी. त्याने खुर्ची भिंतीला लावली, वर चढला आणि आकृत्या काढायच्या लोखंडी पट्टीच्या टोकाने घंटेच्या वाटीचा मधला स्क्रू काढला. ताई, स्क्रू फिरवताना त्याचा हात अजिबात थरथरत नव्हता! वाटी उतरवून माझ्या मांडीवर ठेवली, खुर्ची जागेवर आणली आणि उरलेला पेपर लिहायला बसला. बारा दहाला वर नुसती फडफड झाली. त्याने मान वर केली, हसला आणि पुढचा प्रश्न घेतला. मी सव्वादोन तास ती वाटी मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या. उगाच कशाला लपवू?

इकडे इमारतीत हाहाकार. शिवणवर्गाच्या बायका सुट्टी होत नाही म्हणून कापतच राहिल्या आणि चार सदऱ्यांना अकरा बाह्या निघाल्या. प्राचार्य नव्या तुकडीपुढे वक्तशीरपणावर बोलत होते, ते घंटेची वाट बघत दीड तास बोलले. मला लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं: परीक्षार्थीने एकदाही खोली सोडली नाही, खुर्चीही सोडली नाही. (तिच्यावर उभा होता का, हे कुणी विचारलं नव्हतं.) काल निकाल लागला. शंभरात त्रेपन्न. कारखान्यातून सरळ माझ्याकडे आला. जाताना आमच्या स्वयंपाकघरातला दिवा दुरुस्त करून गेला.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकिटात काहीतरी खुळखुळतंय, तो घंटेच्या वाटीचा स्क्रू आहे. प्राचार्य तो शोधताहेत. कधी बसवतोस असं मी वायरमनला विचारलं तर म्हणाला, "सर, तुमच्या ताईंचा पेपर झाला की बसवतो." (तुझ्याबद्दल मी त्याला सांगितलं आहे. रागाव.) तसा स्क्रू बाजारात मिळत नाही म्हणतात. मिळत असेल, मी चौकशी केलेली नाही. तू स्वतः घेऊन ये.

आणखी एक. सोबत आमच्या केंद्राचा प्रवेश अर्ज आहे. तुझा राहिलेला अध्यापनाचा अभ्यासक्रम आता इथे पुरा करता येतो. वीस तारीख शेवटची. नाव मी पेन्सिलीने घातलं आहे, खोडता येईल. दाराजवळची खुर्ची धरून ठेवली आहे, समोर मी बसेन, बूट काढून. वेगळी खोली मागता येते हे तेव्हा आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं गं.

आणि शेवटचं. अर्जात 'शिक्षण खंडित होण्याचे कारण' असा रकाना आहे, तो मी कोरा ठेवला आहे. तिथे खरं ते लिही किंवा काहीच लिहू नकोस. कावीळ मात्र लिहू नकोस. ती मी नववीत असताना घरोघर सांगत फिरलो, तेवढी पुरे झाली.