मामांचं जुन्या वळणाचं फ्रेंच

चि. योगिनीस,

नाशिकहून सावळीराममामाचे भरभरून आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत. ब्रसेल्सच्या थंडीत कान झाकून फिरतेस ना? (हे मामी विचारते आहे. माझं मत विचारशील तर कान उघडे ठेव, परक्या मुलखात चार शब्द आयते कानावर पडतात. अर्थात एकही शब्द कानावर न पडता माणूस काय करू शकतो, ते पुढे वाच.)

तुझ्या ऑफिसातल्या महेशबरोबर तू पाठवलेली चित्रकथांची पुस्तकं पोचली. कागद असा गुळगुळीत की हात धुऊनच उघडावं. फक्त ती फ्रेंचमध्ये आहेत हे तू विसरलीस, की मामाची परीक्षा बघितलीस, देव जाणे. मामी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पलंगावर, टीव्हीवरच्या मालिकांना विटलेली. तिनं वरचंच पुस्तक उचललं आणि विचारलं, "काय लिहिलंय हो यात?" आता सगळी नोकरी एसटीत कंट्रोलर म्हणून काढलेला माणूस 'माहीत नाही' कसं म्हणेल? गाडी कुठल्या घाटात बंद पडली आहे याचा पत्ता नसतानाही मी खिडकीतून 'येवल्याहून सुटली, येतेच आहे' असं छातीठोकपणे सांगत आलो आहे. त्याच सुरात मी पहिलं पान उघडलं.

गोष्टीत लाल मफलरवाला एक उंच कप्तान आहे, त्याला जहाज नाही. त्याच्याबरोबर एक शेळी. आणि उंच टोपी घातलेला एक गृहस्थ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत छत्री उगारून हातवारे करत त्यांच्यामागे धावतो. मी क्षणभर विचार केला आणि जाहीर केलं, की हा टोपीवाला म्हणजे मुलीचा बाप. कप्तान मुलगी बघून, कांदेपोहे खाऊन, होकार न देताच पळाला आहे. मामी उशीला टेकून बसली होती ती ताठ झाली. "आणि शेळी?" मी म्हटलं, शेळी मुलीकडची आहे, साक्षीला आली आहे.

तिथून जी गाडी सुटली ती थांबेना. दुसऱ्या दुपारी शेजारच्या चिमणाबाई आल्या, मग वरच्या मजल्यावरची तृप्ती, मग तिची सासू. द्वारका चौकात जाऊन मला जास्तीचे कप आणावे लागले. कप्तान बर्फाच्या डोंगरावरून घसरला तेव्हा चिमणाबाईंनी पदर तोंडाला लावला. तो पवनचक्कीच्या पात्याला लटकला तेव्हा तृप्तीच्या सासूनं शेळीला शिव्या दिल्या. मामी मात्र बारीक नजरेची. एकदा म्हणाली, "चित्रातल्या त्या बाईच्या तोंडासमोर एवढा मजकूर आहे, आणि तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात?" मी म्हटलं, फ्रेंचमध्ये 'बरं' म्हणायला एवढंच लागतं. (त्या दिवसापासून मी चित्रातला बोलण्याचा फुगा बघून लांबी ठरवतो. मोठ्या फुग्यात मुलीच्या बापाचं मानपानाबद्दलचं म्हणणं घालतो. ते कितीही ताणता येतं.)

आणि मग आली मनाली. चिमणाबाईंची नवी सून. पुण्याला कॉलेजात फ्रेंच शिकलेली, हे मला ती समोर येऊन बसल्यावर कळलं. योगिनी, आगार व्यवस्थापक अचानक तपासणीला यावा तसा मी चष्मा पुसायला घेतला. शेवटची पानं होती. कप्तान बंदरावर, पुढे समुद्र, मागे टोपीवाला. मी वाचलं. टोपीवाला म्हणाला, "जावईबापू, रुसवा सोडा," आणि कप्तानानं त्याला मिठी मारली. चिमणाबाई रडल्या. मग सगळ्या जणी मनालीकडे वळल्या. "बरोबर वाचत्यात का गं?"

पोरगी पुस्तकाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "काकांचं फ्रेंच फार जुन्या वळणाचं आहे. आता असं कुणाला येत नाही."

मी नुसती मान हलवली. (छाती किती फुगली होती ते लिहीत नाही.)

पण मामी ती मामीच. तिनं फर्मावलं, उद्या मनाली वाचेल, नव्या वळणाचं ऐकू. मनालीनं वाचलं. खरी गोष्ट अशी, की कप्तान खाणावळीत छत्री विसरला आहे आणि तो टोपीवाला भला माणूस ती परत द्यायला देशोदेशी धावतो आहे. कप्तानाला वाटतं, हा बिल मागायला आला. शेवटी बंदरावर छत्री हातात मिळते, म्हणून ती मिठी. चिमणाबाई म्हणाल्या, "छत्रीपायी कोन एवढं पळतं? लय तर ठेसनापर्यंत जाईल मानूस." तृप्तीच्या सासूचं मत पडलं की पुस्तक छापतानाच चुकलंय. आणि मामीनं निकाल दिला, "मनाली, तू छान वाचतेस गं. पण उद्यापासून हेच वाचतील."

मनाली जाताना दारात हळूच म्हणाली, "काका, कप्तानाचं लग्न कधी लावताय? तारीख सांगा, मी येणार." फ्रेंच जाणणाऱ्या बाईनं फ्रेंच न जाणणाऱ्याला दिलेली ही सलामी आहे, असं मी समजतो. आपल्या घराण्यात परभाषेतला एवढा मान आजवर कुणाला मिळालेला नाही.

तब्येतीला जप.

तुझा,
सावळीराममामा

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. ज्येष्ठ नागरिक संघानं माझं वाचन ठेवलं आहे. बोर्डावर 'मूळ फ्रेंचमधून' असं लिहिणार आहेत आणि पुस्तकाचं नाव विचारत आहेत. आजवर मी नावावर अंगठा ठेवूनच वाचत आलो. ते कसं म्हणायचं, तेवढं मराठी अक्षरांत लिहून पाठव. फोन करू नकोस, मामी शेजारीच असते. हे पत्र तिला दाखवणार नाही.

ता. क. योगिनी, मी मामी. पाकिटाला डिंक लावायला माझ्याकडेच आलं. ह्यांना नाव अजिबात कळवू नकोस. एकदा नाव वाचता आलं की हे खरंच फ्रेंच शिकायला बसतील, आणि मग आमची गोष्ट कोण सांगणार?