नारिंगी भूत

२ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशिर्वाद.

तुझं पत्र काल दुकानात वाचलं आणि वाचता वाचता एका गिऱ्हाइकाच्या बाहीवर इस्त्री विसरले. अप्पांचा उजवा हात आता थोडा उचलला जातो, हे बरं झालं. पण त्या हाताने ते दिवसभर टीव्हीसमोर बसून व्हिडिओ गेम खेळतात, हे तू ज्या कौतुकाने कळवलं आहेस त्याला तोड नाही. याच हेडमास्तरांनी आपला पत्त्यांचा जोड कचऱ्यात टाकला होता, कारण पत्ते रिकामटेकड्यांसाठी असतात. आता स्वतः एका पिवळ्या गोळ्याला ठिपके चारत बसले आहेत. म्हातारपणी माणूस सुधारतो म्हणतात, तो असा.

आणि तू. टीव्ही दुरुस्त करता करता लोकांनी टाकलेलं भंगार घरात आणायची तुझी खोड जुनीच आहे, पण तो गेमचा डबा बापाच्या मांडीवर ठेवायचा हे नवीन. निदान पुसून तरी दिलास का?

मला ये म्हणतोस. मी कॉलेजातली नोकरी सोडून लाँड्री काढली तेव्हा, दुसऱ्यांचे डाग काढणाऱ्या मुलीचं तोंड बघायचं नाही, असं अप्पा म्हणाले होते. मी त्यांचा शब्द अजून पाळते आहे. त्यांनी स्वतः बोलावल्याशिवाय मी उंबरा चढणार नाही, आणि ते बोलावणार नाहीत हे तुलाही माहीत आहे.

लोभ आहे तेवढाच राहू दे. तो वाढला की तू काहीतरी मागतोस.

तुझी,
ताई


९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डबा पुसून दिला होता. कॅसेटही फुंकून घातली.

तुला वाटतं तसं मी त्यांना खेळाला बसवलेलं नाही. डॉक्टरांनी हात सुधारायला रबरी चेंडू दाबायला दिला होता, तो अप्पांनी पोरखेळ म्हणून खिडकीबाहेर फेकला. मग एकदा मी तो डबा चालू करून बघत होतो. मागे आरामखुर्चीत बसून अप्पा माझ्या चुका काढत होते. हा गोळा सारखा त्याच गल्लीत शिरतो, याला अक्कल नाही, चालवणाऱ्यालाही नाही, असं चाललं होतं. शेवटी त्यांनी माझ्या हातातला खेळाचा दांडा ओढूनच घेतला. आजारपणानंतर त्या बोटांनी पहिल्यांदा काहीतरी धरलं. माझी अक्कल काढली गेली याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही.

खेळ सोपा आहे. गल्ल्यांचं जाळं, त्यात ठिपके, आणि मागे लागलेली चार रंगांची चार भुतं. मोठा ठिपका खाल्ला की चारही भुतं घटकाभर गडद निळी होऊन पळत सुटतात, आणि तेवढ्यात गोळ्याने त्यांना खायचं. अप्पांनी चौघांना घरातल्या माणसांची नावं दिली आहेत. आकाशी भूत मी आहे. ते कुठे वळेल हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं म्हणून. तुझ्या नावाचंही एक आहे, पण ते येऊन बघ.

डॉक्टर म्हणतात, पुन्हा झटका आला तर हात राहणार नाही, कदाचित माणूसही. मी घाबरवत नाही, सांगतो आहे.

लोभ वाढवू नकोस म्हणतेस, तर मीच माझ्या बाजूने वाढवतो.

तुझा,
धाकटा


१५ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशिर्वाद.

येऊन बघायची गरज नाही. हा खेळ इथे कोपऱ्यावरच्या हॉटेलात पूर्वी होता. लाल भूत मानगुटीवर बसल्यासारखं मागे लागतं, हे मला चांगलं आठवतं. तेच माझं नाव असणार. मोठे न्यायी हेडमास्तर. काय शिकायचं, कुठे नोकरी करायची, केस किती कापायचे, यासाठी जन्मभर हे माझ्या मागे लागले, आणि पाठलाग करणारी मी?

तुझं मला नवल वाटतं. बाप मुलीला भूत म्हणतो आणि तू ते हसत पोस्टाने पाठवतोस. त्यांना सांग, लाल भुताला दुकान आहे, चार माणसं हाताखाली आहेत, आणि ठिपके खाणाऱ्यांच्या मागे धावायला वेळ नाही. आजारी माणसाला हे सांगू नये असं वाटलं तर नको सांगूस. तुला तेवढाही कणा नाही.

लोभाचं तू म्हणतोस ते करून बघ.

ताई


२१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगावं लागलं नाही. तुझी पत्रं अप्पा माझ्या आधी फोडतात.

लाल भूत आत्या आहे. तू नारिंगी आहेस. ते चांगलं गोळ्याच्या रोखाने येतं, अगदी जवळ पोचतं, आणि ऐन वेळी तोंड फिरवून आपल्या कोपऱ्यात पळून जातं. हे ताईचं कसं, असं मी विचारलं, तर अप्पा म्हणाले, खिडकीत बसणाऱ्याला सगळं दिसतं. मला काही कळलं नाही. तुला कळलं असेल तर कळव.

आणखी एक. भुतं निळी झाली की चारही सारखीच दिसतात. पण अप्पा पापणी न हलवता तुझ्यावर नजर ठेवून असतात. आत्याला खातात, मला तर चवीने खातात, आणि तू समोर आलीस की गोळा दुसऱ्या गल्लीत वळवतात. परवा तसंच वळवायला गेले, तेवढ्यात आत्या पुन्हा लाल झाली आणि खेळ संपला. मी म्हटलं, खाऊन टाकायचं होतं. तर म्हणाले, तू तुझे टीव्ही बघ.

सोबत त्यांचं पत्र आहे. मी वाचलेलं नाही. पाकीट त्यांनीच चिकटवलं, वाकडं.

तुझा,
धाकटा


२१ जून

चि. थोरलीस,

हे माझं अक्षर आहे, कोंबडीचे पाय नाहीत. उजव्या हाताने लिहिलं आहे.

तुझी लाँड्री मला तेव्हा पटली नाही, आजही पटत नाही. त्याहून वाईट म्हणजे धाकट्याला लिहिलेल्या दोन्ही पत्रांत तू ‘आशीर्वाद’ चुकवला आहेस. त्यातली ‘शी’ दीर्घ असते. चार माणसं हाताखाली असणाऱ्या बाईला हे यायला हवं.

माझ्या खिडकीतून कोपऱ्यावरची टपालपेटी दिसते. तिच्यामागे उभी राहून तू घराकडे बघतेस आणि परत जातेस. पेटी अरुंद आहे, तू नाहीस. त्या नारिंगी भुताला यंत्राने तसं करायला लावलं आहे. तुला कोणी लावलं, ते मला माहीत आहे. त्यावर मी लिहिणार नाही.

बोलावल्याशिवाय येणार नाहीस, तर बोलावतो. रविवारी ये. माझ्या राखाडी कोटावर औषध सांडलं आहे. धाकट्याने घासघासून डाग मोठा केला. त्याच्याकडून निघणार नाही. तुझ्याकडून निघेल.

एरवी मी ‘अ. आ.’ एवढंच लिहितो. या वेळी पूर्ण लिहितो, म्हणजे तुला नमुना मिळेल.

अनेक आशीर्वाद.

अप्पा